घाट, चिखल आणि डांबर: एकाच टायरवर भागवायचं कसं?

नवी गाडी आली की पहिल्या महिन्यातच माणूस टायरच्या दुकानासमोर जाऊन उभा राहतो. मीही राहिलो होतो. गाडीबरोबर आलेले टायर अगदीच 'घरगुती' वाटत होते, मित्राच्या थारला मोठ्या दातांचे टायर होते, आणि आपलीही गाडी तशी दिसावी एवढंच डोक्यात होतं. दुकानदाराने काही न विचारता मड टेरेन पुढे केले, मी काही न विचारता घेतले. जुलैत ताम्हिणीतून माणगावकडे उतरताना, वेग जेमतेम चाळीस असताना, एका साध्या वळणावर ब्रेकला पाय लावला आणि स्टिअरिंग वळलेलं असूनही गाडी सरळच निघाली. समोरून कोणी येत नव्हतं, म्हणून वाचलो. आणि ज्या चिखलासाठी ते टायर घेतले होते, त्यात मी वर्षभरात किती वेळा गेलो? सहा. त्यातही दोनदा फोटोसाठी.

थार, जिम्नी, गुरखा, स्कॉर्पिओ, बोलेरो यांपैकी काही नुकतंच घेतलं असेल आणि रोज ऑफिस, महिन्यातून एखादा किल्ल्याचा पायथा किंवा गावाकडची पाणंद असं ज्यांचं चक्र आहे, त्यांच्यासाठी हे लिहितोय. स्पर्धेत उतरणाऱ्यांना याचा उपयोग नाही.

आधी वही, मग दुकान

दोन महिने मोबाइलमध्ये साधी नोंद ठेवा: आज किती किलोमीटर, त्यातले डांबर किंवा काँक्रीटवर किती, मुरूम-खडीवर किती, आणि खऱ्या अर्थाने वाट नसलेल्या जागी किती. आपण स्वतःला फार भटके समजतो. नोंद पाहिली की बहुतेकांचे शंभरातले पंच्याण्णव किलोमीटर पक्क्या रस्त्यावरचेच निघतात. माझे सत्त्याण्णव निघाले.

हा आकडा हातात असला की दुकानदाराच्या बोलण्याला वजन उरत नाही. पंच्याण्णवच्या वर डांबर असेल तर हायवे टेरेन किंवा फार तर सौम्य ऑल टेरेन. शेत, खाण, धरणाचं काम, जंगलातली नोकरी अशा कारणाने पाचातला एक किलोमीटर तरी कच्च्यावर असेल तर ऑल टेरेन. मड टेरेन त्यांच्यासाठी, ज्यांची गाडी चिखलात रोज उतरते आणि हमरस्त्यावर क्वचित येते. असे लोक कोण हे तुम्हाला माहीत आहे, आणि त्यांना हा लेख वाचायला वेळ नसतो.

तीन नावांमागे नेमकं काय असतं

एचटी (हायवे टेरेन), एटी (ऑल टेरेन) आणि एमटी (मड टेरेन) ही अक्षरं टायरच्या बाजूवर किंवा नावात असतात. फरक फक्त दात किती मोठे एवढाच नाही.

हायवे टेरेनच्या पट्ट्या सलग आणि जवळजवळ असतात, आणि त्या पट्ट्यांवर ब्लेडने ओढल्यासारख्या बारीक चिरा असतात. ओल्या डांबरावर पकड येण्यात या चिरांचा मोठा वाटा असतो. त्या पाण्याचा पातळ थर फोडतात आणि रबराला रस्त्यापर्यंत पोहोचू देतात. रुंद खाचा जास्तीचं पाणी बाहेर फेकतात. दोन्ही लागतं.

मड टेरेनमध्ये गट्टू, म्हणजे रबराचे उंच ठोकळे, मोठे, मधल्या फटी रुंद आणि चिरा जवळपास नाहीत. चिखल त्या फटींत भरतो, चाक फिरलं की बाहेर फेकला जातो, पुन्हा नवा दात जमिनीत रुततो. चिखलात हे उत्तम. पण डांबरावर तेवढंच कमी रबर रस्त्याला टेकलेलं असतं, आणि ओल्यात चिरा नसल्याने ते पाण्यावर नुसतं बसतं. ताम्हिणीत माझं झालं ते हेच. शिवाय ऐंशीच्या पुढे गुंगुं आवाज सुरू होतो, जो पहिल्या दिवशी मर्दानी वाटतो आणि नाशिकपर्यंत डोकं उठवतो.

ऑल टेरेन मधला. पण 'मधला' म्हणजे सगळे एकसारखे नाहीत, आणि नवखे फसतात ते इथेच. एका एटीच्या मध्यभागी जवळजवळ सलग पट्टी असते, चिरा भरपूर असतात; दुसरा एटी हा सौम्य नाव दिलेला एमटीच असतो. नाव न वाचता टायर हातात घेऊन पाहा. प्रत्येक गट्टूवर चिरा आहेत का? त्या नुसत्या वरवर कोरलेल्या आहेत की खोलवर जातात? वरवरच्या असतील तर टायर निम्मा झिजला की त्या गायब होतात आणि तिसऱ्या पावसाळ्यात तुम्ही नकळत एमटीवर फिरत असता. गट्टूंमधल्या फटीत बोट सहज मावत असेल तर हमरस्त्यावर तो बोलणार, हे धरून चाला.

आपल्याकडे सीएट, एमआरएफ, अपोलो, योकोहामा, ब्रिजस्टोन असे बरेच पर्याय एटीमध्ये मिळतात. कोणता सर्वोत्तम हे मी सांगणार नाही, कारण एकाच कंपनीचा एक नमुना आणि दुसरा नमुना यांत दोन कंपन्यांपेक्षा जास्त फरक असतो.

तुमची 'बाहेरची वाट' कसली आहे?

ऑफरोड हा शब्द फसवा आहे. महाराष्ट्रात त्याचे निदान चार वेगळे अर्थ होतात आणि प्रत्येकाची टायरकडून वेगळी मागणी असते.

सह्याद्रीचा पायथा म्हणजे काळा पाषाण. बेसॉल्टचे फुटलेले दगड धारदार असतात, आणि तिथे टायर जातो तो तळाने नाही, बाजूने. साइडवॉल चिरली की टायर संपला. तळाला खिळा घुसला तर पंक्चरवाला दहा मिनिटांत दोरी भरून देतो. बाजूला गेलेली चीर कोणी दुरुस्त करून देतो म्हणाला तरी करू नका, कारण टायर दर फेरीला वाकतो तो तिथेच. दगडांत फिरणाऱ्याने दातांपेक्षा साइडवॉल किती पदरी आहे, म्हणजे रबराच्या आत धाग्यांचे किती थर आहेत, ते बघावं. बाजूवर बारीक अक्षरांत तळाचे आणि बाजूचे पदर लिहिलेले असतात. बाजूला एकऐवजी दोन किंवा तीन पदर असतील तर फरक पडतो.

कोकणात जांभा. उन्हाळ्यात जांभ्याची बारीक खडी कडक जमिनीवर मोत्यांसारखी पसरते, आणि चढावर चाक जागच्या जागी फिरतं. पावसात त्याच जांभ्यावर तांबडा गुळगुळीत थर आणि सावलीत शेवाळ. खाली जमीन कडक आहे, वर साबण. इथे मोठे दात फार मदत करत नाहीत, कारण रुतायला खाली काहीच नाही. चिरावाला एटी इथे एमटीपेक्षा बरा चालल्याचं मी अनुभवलंय.

विदर्भ-मराठवाड्यातली काळी माती. कोरडी असताना पाणंदीतून कोणतीही बोलेरो जाते. एक चांगली सर पडली की ती माती टायरला चिकटते, त्यावर आणखी चिकटते, आणि दहा-वीस फुटांत चाकाचा लाडू होतो. मग मडगार्डमध्ये माती गच्च भरते आणि चाक फिरतच नाही. एमटी घेतला तर वीस फुटांऐवजी कदाचित साठ फूट जाल. ज्यांचं शेत काळ्या मातीत आहे ते पावसाच्या दिवशी गाडी डांबरावर सोडून चालत जातात, आणि तेच खरं ज्ञान आहे. टायरवर पैसे घालून या मातीला हरवता येत नाही.

चौथी वाट मुरमाची. धरणामागचे रस्ते, गावजोड रस्ते, वनखात्याचे रस्ते. बहुतेकांचं 'ऑफरोडिंग' म्हणजे हेच असतं, आणि यासाठी चांगल्या स्थितीतला हायवे टेरेनही पुरतो. खोटं वाटत असेल तर त्या रस्त्यावर रोज जाणारी दूधवाल्याची पिकअप पाहा.

किनाऱ्याची वाळू मी मुद्दाम सोडतोय. बऱ्याच किनाऱ्यांवर गाडी घालायला मनाई आहे, भरती कोणासाठी थांबत नाही, आणि खारं पाणी ब्रेकमध्ये गेलं की पुढची सहा महिने गॅरेजची वारी ठरलेली.

बाजूवरचे आकडे

थारच्या एका प्रकारावर २५५/६५ आर१८ असतं. २५५ म्हणजे टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये. ६५ म्हणजे साइडवॉलची उंची रुंदीच्या ६५ टक्के, म्हणजे साधारण १६६ मिलिमीटर. आर म्हणजे रेडियल. १८ म्हणजे रिम इंचांत. यातलं मधलं गणित कच्च्या वाटेसाठी महत्त्वाचं, कारण उंच साइडवॉल म्हणजे दगडावर जास्त दबणारी गादी. ऐटीत मोठी रिम आणि पातळ टायर लावणाऱ्याने पायथ्याच्या दगडांत जाऊ नये.

पुढे आणखी एक आकडा आणि अक्षर असतं, उदाहरणार्थ १०९ टी. १०९ म्हणजे एक टायर १०३० किलो पेलतो. टी म्हणजे ताशी १९० किलोमीटरपर्यंतचा वेग. एमटीवर बऱ्याचदा क्यू असतं, म्हणजे १६०. समृद्धीवर वेगमर्यादाच १२० आहे, त्यामुळे त्या अक्षराची चिंता नको. वजनाचा आकडा मात्र मूळ टायरपेक्षा कमी कधीही घेऊ नका. गाडीत सहा माणसं, वर कॅरिअर, आणि कमी वजनाचा टायर हा प्रकार घाटात फुटतो आणि विम्याच्या वेळी वाद होतो तो वेगळाच.

उलट्या टोकाची चूकही होते. आकड्यांआधी एलटी असलेले जड टायर मूळचे मोठ्या पिकअपसाठी असतात. जिम्नीसारख्या हलक्या गाडीला 'दहा पदरी' ताकदीचा टायर लावला तर तो दबतच नाही, खड्ड्यातला प्रत्येक दणका थेट कमरेला, आणि चाक जड झाल्याने ब्रेक लागायलाही जास्त अंतर लागतं. स्टेपनी मागच्या दारावर असेल तर ते जास्तीचं वजन रोज दाराच्या बिजागरीवर लटकतं, हे दुकानात कोणी सांगत नाही.

मोठं माप घ्यायचं का?

सगळ्यांना घ्यायचं असतं. म्हणून जिम्नीचं गणित मांडून पाहू. मूळ माप १९५/८० आर१५. व्यास ६९३ मिलिमीटर येतो. लोक घालतात ते २१५/७५ आर१५. व्यास साधारण ७०३. फरक दहा मिलिमीटर. गाडी उचलली जाते ती त्याच्या निम्म्याने, म्हणजे पाच मिलिमीटर. पाच मिलिमीटरसाठी टायर जड होतो, मायलेज थोडं उतरतं, आणि स्पीडोमीटर शंभर दाखवत असताना गाडी १०१ च्या पुढे असते. दिसायला गाडी भरदार दिसते हे खरं, आणि कोणाला त्यासाठीच घ्यायचं असेल तर माझी हरकत नाही. फक्त 'ग्राउंड क्लिअरन्ससाठी घेतलं' असं घरी सांगू नका.

कायद्याच्या बाजूने सोपा मार्ग हा: कंपनीने तुमच्याच मॉडेलच्या कुठल्या ना कुठल्या प्रकाराला दिलेल्या मापातच राहा. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार गाडीच्या मूळ रचनेत मनाने बदल करता येत नाही, आणि मडगार्डच्या बाहेर आलेला टायर पोलिसांना लांबूनही दिसतो. माप बदललंच तर बसवल्यावर स्टिअरिंग दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत फिरवून, एक चाक उंचवट्यावर चढवून, कुठे घासतंय का ते दुकानातच बघा.

दुकानात गेल्यावर

इथे मी फार वेळ घालवत नाही, पण तीन गोष्टी सोडू नका.

बाजूवर डीओटी अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीत शेवटी चार आकडे असतात, ती टायर बनल्याची तारीख. ३५२४ म्हणजे २०२४ चा पस्तिसावा आठवडा. सहा-आठ महिन्यांपर्यंतचा माल ठीक. दोन वर्षं पडून असलेल्या टायरवर 'खास सवलत' असेल तर ती का आहे हे आता तुम्हाला कळलं. पाचही टायरांची तारीख पाहा, फक्त वरच्या एकाची नाही. आयएसआय चिन्ह आहे ना तेही पाहून घ्या.

चारही चाकं एकाच नमुन्याची आणि एकाच मापाची घ्या. फोर बाय फोरमध्ये हा हट्टाचा नाही, यंत्राचा मुद्दा आहे. पुढची आणि मागची चाकं वेगवेगळ्या व्यासाची असतील तर फोरव्हील लावल्यावर पुढचा आणि मागचा एक्सल एकमेकांशी भांडतात, आणि त्याची किंमत ट्रान्सफर केसमध्ये, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांत ताकद वाटणाऱ्या पेटीत, मोजावी लागते. 'सध्या मागचे दोन एटी, पुढचे नंतर' हा सल्ला मला दोन दुकानांत मिळालाय.

बसवल्यावर बॅलन्सिंग आणि अलाइनमेंट समोर उभं राहून करून घ्या, व्हॉल्व्ह नवे टाकायला सांगा. जुने व्हॉल्व्ह साध्या रबराचे असतात आणि दगडांत पहिले तेच तुटतात. पहिले दोन-तीनशे किलोमीटर बेताने चालवा. नव्या टायरवर कारखान्यातला गुळगुळीत थर असतो आणि तो निघेपर्यंत पकड अर्धवट असते.

हवा: जिथे खरी कमाई आहे

आता सांगतो ते वाचून पटलं तर कदाचित नवे टायर घ्यायचीच गरज उरणार नाही. कच्च्या वाटेवर हवा कमी केलेला साधा एचटी, भरपूर हवा भरलेल्या महागड्या एमटीला मागे टाकतो.

हवा कमी केली की टायरचा जमिनीला टेकणारा पट्टा लांब होतो, मुख्यतः लांबीने. वजन जास्त जागेवर पसरतं, चाक रुतत नाही. दगडावर टायर दगडाच्या आकाराने दबतो आणि धरून ठेवतो. शिवाय दणके मऊ होतात, सस्पेन्शन आणि कंबर दोन्ही वाचतात.

किती कमी करायची? गाडीच्या दारावरच्या स्टिकरवर ३२ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) लिहिलं असेल तर मुरूम-खडीच्या लांब रस्त्यावर २६ च्या आसपास, दगडी चढ किंवा चिखलात २० ते २२, आणि खरोखर रुतलाच असाल तर १८. साध्या रिमवर १५ च्या खाली जाऊ नका, वळताना टायर रिमवरून उतरू शकतो. हवा कमी असताना वेग तिशीच्या आत, आणि झटक्याने स्टिअरिंग फिरवायचं नाही. टोकदार दगडांत हवा खूप कमी केली तर फुगलेली साइडवॉल दगडाला जास्त लागते, म्हणून तिथे २२ पुरे.

यासाठी लागतं काय? चांगलं गेज, आणि बॅटरीवर चालणारा पंप. दोन्ही मिळून एका टायरच्या किमतीच्या बऱ्याच खाली येतात. सिगारेट सॉकेटवर चालणारे छोटे पंप मोठ्या टायरला घाम गाळतात. थेट बॅटरीला क्लिप लावून चालणारा घ्या.

आणि मग शिस्त: डांबर लागलं की पहिल्या सपाट जागी थांबून हवा परत भरायची. चहाच्या टपरीपर्यंत जाऊ, मग भरू, असं नाही. वेगात कमी हवेचा टायर सतत वाकत राहतो, आतून तापतो, आणि फुटतो. उन्हाळ्यात काँक्रीटच्या रस्त्यावर फुटणाऱ्या टायरांबद्दल लोकांना वाटतं की हवा जास्त होती. बहुतेक वेळा ती कमी असते. हवा सकाळी थंड टायरवर मोजा. दोन तास पळवल्यावर गेज चार-पाच पीएसआय जास्त दाखवतं, ते स्वाभाविक आहे. पंपावरच्या पोराने ती 'जास्तीची' हवा सोडू दिलीत तर संध्याकाळी टायर कमी हवेवर असणार.

दारावरचं स्टिकर मूळ मापाच्या टायरसाठी असतं. एलटी टायर घातले असतील तर तेवढंच वजन पेलायला त्यांना जास्त हवा लागते. माप बदललेल्यांनी हे टायर कंपनीच्या तक्त्यावरून ठरवावं, अंदाजाने नाही.

झीज आणि बदल

खाचांच्या तळाशी आडव्या छोट्या उंचवट्या असतात. बाजूवर टीडब्ल्यूआय किंवा बाण असतो तिथे शोधा. गट्टू झिजून त्यांच्या पातळीला आले म्हणजे १.६ मिलिमीटर उरले, कायद्याने टायर संपला. पण पावसाळ्यात घाट उतरणाऱ्याने तोपर्यंत थांबू नये. तीन मिलिमीटर उरले की जून लागायच्या आत बदला. गोटा झालेल्या एटीसारखी फसवी गोष्ट नाही: बाजूचे दांडगे दात शाबूत दिसतात आणि मधे टक्कल पडलेलं असतं.

एटी आणि एमटी वेडेवाकडे झिजतात, आणि एकदा गट्टू करवतीसारखे झाले की आवाज जात नाही. आठ-दहा हजार किलोमीटरला चाकांची अदलाबदल करा. स्टेपनी त्याच मापाची असेल तर तिलाही फेरीत घ्या. गाडी कमी चालते म्हणून खाचा शाबूत असल्या तरी सहा वर्षांनंतर रबर कडक होतं, नखाने दाबून पाहिलं तरी कळतं.

लडाख किंवा स्पितीची सहल हे एटी घेण्याचं कारण पुष्कळ जण देतात. जून ते सप्टेंबरमध्ये तिथे चांगला एचटी पुरतो. बाजूवरचं एम आणि एस हे चिखल-बर्फाचं लेबल फारसं काही सिद्ध करत नाही. खऱ्या बर्फासाठी डोंगरात हिमकण असलेलं चिन्ह पाहावं लागतं, आणि काचेसारख्या बर्फावर तेही नाही, साखळीच लागते.

निघण्याच्या आदल्या संध्याकाळी

टायरांच्या फटींत अडकलेली खडी स्क्रूड्रायव्हरने काढा. ती राहिली तर हळूहळू आत शिरते. आतल्या बाजूच्या साइडवॉलवर हात फिरवा, फुगवटा लागला तर ती सहल रद्द. जॅक मऊ जमिनीत बुडतो म्हणून एक फूटभर जाड फळी ठेवा. नट उघडायचा पाना आपल्या रिमला बसतो ना ते घरीच बघा, कारण नवी रिम घेतली की जुना पाना कधीकधी बसत नाही. आणि स्टेपनीची हवा मोजा. मी मागच्या वेळी भीमाशंकरला निघताना मोजली, तर बारा होती.